डोहाच्या तळावरच्या रेघा

लग्न होऊन मी नाशिकजवळ, गंगेकाठच्या वांग्यांच्या मळ्यात आले. नदीच्या डोहात तळाच्या वाळूवर रोज नव्या रेघा उमटलेल्या दिसायच्या. मी मोठी शहाणी! तिथं साती आसरा, पाण्यातल्या देवता, फिरतात असं ठरवून भीतभीत हळदकुंकू आणि हिरव्या बांगड्या पाण्यात सोडून आले. सासूबाई पोट धरून हसल्या. "अगं, शिंपले सरकतात ते! बांगड्या घालायला हात कुठंयत त्यांना?"

मग त्यांनी वाळूत रुतलेला शिंपला दाखवला. एका भोकातून तो पाणी आत ओढायचा, त्यातलं बारीक शेवाळ खायचा, दुसऱ्यातून निवळ पाणी सोडायचा. त्याची घाण तळाशी बसायची. तो गाळ उन्हाळ्यात आम्ही वांग्यांना घालायचो.

परवा नातीला घेऊन मुद्दाम डोहावर गेले. एक तरी शिंपला जिवंत दिसावा, एवढंच मनात होतं. पाणी हिरवं, दाट, तळच दिसेना. काठीनं गाळ चाळवला, तर नुसती रिकामी टरफलं वर आली.

"आजी, कुणाला शोधतेयस?"

मी हातातली एक बांगडी काढून पाण्यात सोडली. ती लगेच दिसेनाशी झाली. हसायला सासूबाई नव्हत्या.