दाजींची लाल गाडी आणि एकोणीस गतिरोधक

ज्या गोष्टी आयुष्यात कधी घडल्याच नाहीत, त्यांची आठवण माझ्या दाजींना जितकी येते तितकी अख्ख्या बीड जिल्ह्यात कुणाला येत नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जनावरांचे डॉक्टर म्हणून केजला त्यांनी सगळी नोकरी काढली, ती एका स्कूटरवर. पण संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसले की डोळे अर्धे मिटून म्हणायचे, "काय गाड्या होत्या त्या काळात! लांब नाक, रुंद खांदे, आवाज असा की छातीत घुमावा." मी विचारायची, "दाजी, तुम्ही कधी बसलात अशा गाडीत?" त्यावर ते शांतपणे म्हणायचे, "बसायला कशाला पाहिजे? आठवतंय की!" त्या सगळ्या काळाचा पुरावा म्हणजे टायरच्या दुकानातलं एक कॅलेंडर. तरुणपणी सायकलचं पंक्चर काढायला ते तिथे बसत आणि समुद्राकाठच्या रस्त्यावर उभी असलेली चित्रातली लाल परदेशी गाडी बघत राहत. पंक्चर निघालं तरी उठत नसत. वर्ष संपल्यावर दुकानदाराने ते पान त्यांनाच देऊन टाकलं. लग्न होऊन ताई भाड्याच्या खोलीत आली तेव्हा भिंतीवर तिने सासऱ्यांच्या फोटोआधी ही गाडी पाहिली.

निवृत्तीनंतर कुणीतरी त्यांना मोबाइलवर दाखवलं की तशीच गाडी आता नव्याने निघते. जुनंच रूप, आत सगळं आजचं. पुण्यात एकाला त्याची विकायची होती. दाजी निघाले आणि मला सोबत घेतलं, कारण कागदपत्रं, विमा, टायर, सर्व्हिसिंग असे सतरा प्रश्न मी लिहून काढले होते. त्यातले तीन विचारून झाले तेवढ्यात दाजींनी गाडीभोवती फेरी सुरू केली. बैलाच्या मागच्या अंगावरून फिरवावा तसा मागच्या चाकावरच्या फुगीर पत्र्यावरून तळहात फिरवत मला म्हणाले, "पुठ्ठा बघ, पुठ्ठा!" पुढचं झाकण उघडायला लावलं आणि दात बघावेत तसे आत वाकून बघितलं. मग पिशवीतून स्टेथोस्कोप काढून इंजिनाला लावला. "ठोके उत्तम." गाडीचा मालक, चष्म्यातला एक सभ्य गृहस्थ, स्पर्शाने चालणारा पडदा दाखवू लागला, तर दाजींनी खांद्यावरचा टॉवेल आपल्या हातावर टाकला आणि तो हात त्याच्यापुढे केला. आमच्याकडे बैलबाजारात भाव असाच ठरतो. टॉवेलाखाली बोटं धरायची, तोंडाने आकडा काढायचा नाही. त्या बिचाऱ्याला वाटलं, म्हातारा प्रेमाने हात पुढे करतोय. त्याने टॉवेलासकट हात हातात घेतला आणि दोन्ही हातांनी हलवला. दाजी माझ्याकडे वळून म्हणाले, "पाची बोटं धरली. माणूस दिलदार हाय. झाला सौदा!" माझे चौदा प्रश्न अजून त्या कागदावर तसेच आहेत.

या साऱ्यात एक माणूस विचारायचं राहिलं, ते म्हणजे ताई. दाजींना तिला चकित करायचं होतं. तशी ती झाली. दारात येऊन तिने गाडी चाकापासून टपापर्यंत बघितली आणि म्हणाली, "म्हैस आणायची म्हनलं तरी लोक घरच्या बाईला इचारतेत. मी ह्या गाडीत पाय ठिवणार न्हाई." आणि खरंच नाही ठेवला. दाजी गाडीने बाजारात जात, ताई काळीपिवळी जीपने. शेजारची रिकामी सीट ते रोज मऊ फडक्याने पुसत. त्यांचं जेवण कमी झालं. एकदा मी बघितलं, बंद गाडीत एकटेच बसले होते, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून. मी काच वाजवली तर म्हणाले, "समुद्र दिसतो का बघत होतो." पण खरं तर त्यांना डावीकडे कुणी बसलेलं हवं होतं. एवढ्याशा गोष्टीवाचून त्यांची सगळी गाडी अडली होती.

पोळ्याला आम्हा दोघी बहिणींना माहेरी जायचं होतं, दिंद्रुडजवळच्या वस्तीवर. त्या दिवशी जीप आधीच भरून गेली आणि एस.टी. आलीच नाही. शेवटी ताई गाडीचं दार उघडून आत बसली. "सणाला उशीर नको म्हणून बसले. गाडी मी मानलेली न्हाई," हे तिने दार लावायच्या आधी सांगून टाकलं. मागच्या सीटवर माणूस बसावा असा बनवणाऱ्याचा विचार नसावा. मी गुडघे हनुवटीला लावून, पुरणपोळ्यांचा डबा कवटाळून बसले.

गाडी सुंदर चालली, पहिल्या गतिरोधकापर्यंत. आमच्याकडे प्रत्येक गाव आपापला गतिरोधक घालतं आणि तो शेताच्या बांधाएवढा असतो. ही गाडी पोटाने जमिनीला टेकलेली. दाजी तीच घेऊन येणार होते, म्हणून मी आधीच यादी केली होती, एकूण एकोणीस. प्रत्येकाशी आम्ही दोघींनी उतरायचं, ओझं कमी झालं की दाजींनी गाडी तिरकी करून श्वास रोखून पार न्यायची, मग आम्ही पुन्हा बसायचं. सातव्याला समोरून शिंगं रंगवलेली, गोंडे लावलेली बैलजोडी आली. बैलवाला थांबून म्हणाला, "डाक्टर, लई जपून चाललाव! गाडी गाभण हाय का?"

"दिवस भरलेत बाबा!" दाजी आतून ओरडले.

ताईने पदर तोंडाला लावला. पण खांदे हलत होते, ते मी बघितलं.

वस्तीच्या वाटेला वळलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. कापसाला पिवळी फुलं होती, आणि लांबून घुंगरांचा आवाज असा येत होता की जागे आहोत की नाही ते कळू नये. अठराव्या गतिरोधकाला आम्ही उतरलो आणि गाडी पार झाली, पण ताई बसायला आली नाही. चालतच राहिली. दाजींनी काच खाली केली आणि तिच्या बाजूने गाडी चालवू लागले.

"तुला इचारायला पाहिजे होतं," ते म्हणाले.

"मग इचारा आता."

"काय इचारू?"

"काय बी."

दाजींनी काचेतून तिच्या चपलांकडे बघितलं. "पाय दुखतेत का?"

"दुखतेत की."

"मग बस ना."

"जरा असंच चालू द्या," ताई म्हणाली. "इतकी वर्षं तुमी सकाळी स्कूटरला किक मारली की निघून जायचाव. मी दारात उभी. माझ्या चालीनं आजच चालायलाव."

यावर दाजी काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. तोवर मी डबा घेऊन मुद्दाम मागे पडले होते. पुढे ती दांडगी लाल गाडी हळू घुमत माझ्या बहिणीच्या चपलांच्या लयीत चालली होती. त्या दोघांचं काहीतरी बोलणं चाललं होतं. गाडी इतकी हळू, की वाटेवरची धूळसुद्धा उडत नव्हती.