पाक कार्तोची हाक

२०१४ साली आमच्या सेक्शनला जावाला जायची ऑर्डर आली, तेव्हा आई हॅमिल्टनच्या घरात पोळ्या लाटत होती. मी बातमी सांगितली. ती म्हणाली, "बाकीच्यांची मुलं वेलिंग्टनला ऑफिसात बसतात. तू जा चिखलात." मी तेच वाक्य तिच्याच आवाजात परत म्हणून दाखवलं, नाकातल्या सुरासकट. लाटणं खांद्यावर बसलं. अख्ख्या सर्व्हिसमध्ये मला झालेली ही एकमेव जखम.

नकला हा माझा जुना धंदा. नववीपर्यंत मी फलटणला शिकलो. तिथे एकदा हेडमास्तरांच्या आवाजात शेजारच्या वर्गाला सुट्टी देऊन टाकली होती. मग बाबांना न्यूझीलंडमध्ये फार्मासिस्टची नोकरी लागली, सगळे इकडे आलो, आणि मी आर्मीत इंजिनीअर्सकडे सॅपर झालो. सॅपर म्हणजे तिथला सगळ्यात खालचा जवान. मला सगळे पॅरट म्हणायचे.

सेक्शन कमांडर होता कॉर्पोरल विरेमू. माओरी, माझ्या दुप्पट रुंद, बोलणं मोजकं. त्याची नक्कल सगळ्यात सोपी. "पॅरट. शट अप." संपली नक्कल.

गाव जावाच्या पोटात, डोंगरउतारावर. वर कौलारू घरं, खाली पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं, त्यांच्या कडेने ओढा. गावाला पाणी देणारा पाट वरच्या अंगाला दरड पडून फुटला होता. तो इंडोनेशियन आर्मीबरोबर मिळून दुरुस्त करायचा, एवढंच आमचं टास्किंग. युद्ध नाही, शत्रू नाही. फक्त दगड.

सकाळी काचेच्या ग्लासात कॉफी मिळायची, तळाला बोटभर गाळ. मग बाकीचे वर चढून कॉम्प्रेसर लावायचे आणि खडक फोडायचे. मी मधल्या टेकाडावर रेडिओ आणि लाउडहेलर, म्हणजे हातातला भोंगा, घेऊन बसायचो. वरून दगड सोडायच्या आधी इंडोनेशियनमध्ये ओरडायचं, "लांब राहा!" पहिल्या दिवशी लोक पळाले. आठवड्याभरात कुणी मान पण वर करेना. गडगडाटाची सवय झाली, माझी पण झाली.

त्याच टेकाडावर पाक कार्तो बसायचा. पाक म्हणजे आपण बापू म्हणतो तसं. साठीचा, काटकुळा, तोंडात लवंग घातलेली सिगरेट. फुटक्या पाटाला पाणी कमी यायचं, म्हणून खाचरांना पाळ्या. पाळ्या लावायचं काम त्याचं. पाणी सोडलं की तो उभा राहून हाक द्यायचा. शब्द नाहीत, नुसता लांब सूर, खालून वर चढत जाणारा. ज्यांची पाळी ते बांधावर जाऊन आपापल्या खाचराचं तोंड उघडायचे. पाणी बंद करायची हाक उलटी, वरून खाली उतरणारी. ती ऐकल्याशिवाय बांध सोडायचा नाही. सोडला तर पाळी गेली, परत शेवटून नंबर. मग बाजूला साप निघो नाहीतर घरी पाहुणा येवो. आणि दोन्ही हाकांच्या शेवटी सिगरेटीचा बारका खोकला. खक्-खक्.

मी आधी नुसता खोकला उचलला. त्याची बायको बू स्री केळीच्या पानात भात वाढत होती. बू म्हणजे काकू म्हणा. ती इतकी हसली की पळी भातात पडली. पाक कार्तोने माझ्याकडे रोखून बघितलं. मला वाटलं, आता लाटण्याचा इंडोनेशियन अवतार. पण त्याने माझ्या पोटावर पंजा ठेवला.

"घशातून नाही. इथून."

मग रोज शिकवणी. मला हाक जमली त्या दिवशी तो म्हणाला, "छान. आता मी झोपतो, तू काम कर."

विरेमू रेडिओवरून म्हणाला, "ग्रेट. नाऊ देअर आर टू ऑफ देम."

बू स्री रोज माझं मनगट धरून बघायची. "वाळलास. खा." आईनंतर मला कुणी इतकं घालूनपाडून बोललं नव्हतं. मला तिथे बरं वाटायला लागलं होतं.

त्या दिवशी दुपारी खाली ऊन होतं, डोंगरमाथा मात्र सकाळपासून काळा. पाक कार्तोने चढती हाक दिली. खालच्या खाचरांची पाळी होती, सगळी बायामाणसं बांधावर गेली, बू स्री पण. पण पाटात पाणीच येईना. "पालापाचोळा अडकला असेल," म्हणाला, आणि सिगरेट कानावर खोचून वर चढून गेला.

थोड्या वेळाने वर गडगडलं. नेहमीसारखंच. मग रेडिओवर विरेमू. टू तो, टू-वन मी.

"टू-वन, धिस इज टू. स्लाइड अ‍ॅट द इनटेक."

"टू-वन. पाक कार्तो वर आलाय. ओव्हर."



"ही इज गॉन, पॅरट. आय सॉ इट." आवाज सपाट. पुढचं त्याने एका दमात सांगितलं. दरडीने ओढा अडलाय, मागे पाणी तुंबतंय, ही माती टिकणार नाही. "क्लिअर द लोअर फील्ड्स. नाऊ."

"रॉजर."

मी लाउडहेलर उचलला. ओरडलो, लांब राहा, वर या. कुणी बघितलं नाही. एकाने नुसता हात हलवला, हो रे बाबा, ऐकलं. पळत खाली जायला वेळ नव्हता. आणि गेलो असतो तरी पाळी सोडून कोण आलं असतं?

लाउडहेलर खाली ठेवला. पोटावर हात ठेवला. आणि पाक कार्तोची उतरती हाक दिली.

कुणी हललं नाही. मग आठवलं.

खक्-खक्.

बांधावरची सगळी माणसं उभी राहिली. आणि काय करावं त्यांनी? आधी प्रत्येकाने आपापल्या खाचराचं तोंड चिखलाने नीट बंद केलं. मग टोपल्या उचलल्या, चपला हातात घेतल्या आणि गप्पा मारत वर यायला लागली. पळा म्हणायची हाकच नव्हती त्यांच्यात. मी परत हाक दिली. परत. घसा सोलून निघाला. शेवटची माणसं टेकाडाला लागली तेव्हा ओढा आला. लाल, दगडधोंड्यांसकट. खालची खाचरं बघता बघता गेली.

सगळे वर होते. बू स्री सगळ्यात शेवटी आली, धापा टाकत, बगलेत नवऱ्याचा डबा. माझ्या मागे बघितलं, झाडाखाली बघितलं.

"कुठे गेला?"

मी तिच्या बगलेतला डबा घ्यायला हात पुढे केला.

"आत्ता तर हाक दिली ना त्याने."

मला येत होतं ते इंडोनेशियन जेवणाचं आणि चेष्टेचं. ह्याला लागणारे शब्द माझ्याकडे नव्हते. मराठीत पण नव्हते. तेवढ्यात विरेमू वरून आला, केसांपर्यंत चिखल. हेल्मेट काढलं, तिच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि माओरी लोकांत करतात तसं कपाळाला कपाळ, नाकाला नाक लावलं. तिला ही पद्धत माहीत असायचं कारण नव्हतं. पण कळलं.

पाक कार्तो दुसऱ्या दिवशी सापडला. गावाने त्याला त्याच संध्याकाळी दफन केलं. माती लोटायला फावडं आम्हालाही दिलं.

पाट पुरा झाला तेव्हा वरची खाचरं शाबूत होती. पाणी सोडलं. हाक द्यायला कुणी नव्हतं, नवा माणूस अजून ठरला नव्हता. सगळे बू स्रीकडे बघायला लागले. ती माझ्याजवळ आली, म्हणाली, "तू दे." आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. माझं तोंड तिला बघायचं नव्हतं.

मी चढती हाक दिली. ती हलली नाही. वाट बघत राहिली.

खक्-खक्.

तिचे खांदे हलले. हसली की रडली, मी पुढे जाऊन बघितलं नाही. डबा आवरून घराकडे गेली. संध्याकाळी परत माझं मनगट धरलं. "वाळलास."

२०१८ला मी आर्मी सोडली. आता हॅमिल्टनच्याच ते-रापा भागात डेअरी फॅक्टरीत मेंटेनन्सला आहे. स्मोकोला, म्हणजे चहाच्या सुट्टीत, सगळे जमतात, मी मॅनेजरपासून सगळ्यांचे आवाज काढून दाखवतो. पाक कार्तोचा तेवढा काढत नाही. ऑकलंडला गेलो की पापाटोएटोच्या इंडियन दुकानात मात्र लवंगांचा डबा उघडून उभा राहतो. दुकानदार विचारतो, "किती देऊ?" मी म्हणतो, बघतोय फक्त.

अ‍ॅन्झॅक डेला, म्हणजे इथल्या शहीद सैनिकांच्या स्मरणदिनाला, मी आणि विरेमू पहाटेच्या परेडला जातो. बिगुल वाजतं, नावं वाचतात. पाक कार्तोचं नाव कुठल्या दगडावर नाही. त्याने युनिफॉर्म घातला नव्हता. २०१९ला परेड संपल्यावर आम्ही हॅमिल्टनच्या नदीकाठी, वरच्या रस्त्यावर गाडीपाशी उभे होतो. उजाडत होतं. खाली काठावर माणसं घोळक्याने उभी होती, मेडल्स लावून, हातात कॉफी.

विरेमू म्हणाला, "गो ऑन, ब्रो. ही वॉज वन ऑफ अवर्स."

मी पोटावर हात ठेवला आणि उतरती हाक दिली. शेवटी खोकला पण काढला.

खाली दोन-चार जणांनी मान वर करून बघितलं, आणि परत बोलायला लागले.

कुणी वर आलं नाही. आम्ही तरी थोडा वेळ थांबलो.