धरणातली चिलापी आणि देवळाली कॅम्पचा बाजार

दौलतने चिलापी मला फुकट दिली होती. पण स्कूटरचं पेट्रोल, स्टोव्हचं रॉकेल, किलोभर शेंगतेल, दोन दिवस बंद राहिलेलं दुकान आणि बायकोने पुन्हा घरात येऊ न दिलेला टेरिकॉटचा शर्ट, एवढं सगळं धरलं तर त्यापेक्षा पापलेट स्वस्त पडलं असतं. तरी नाशिकच्या आसपास कुठे भटकावं असं कोणी विचारलं, की मला आधी तीच सहल आठवते.

ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. शहरात माझं स्टोव्हदुरुस्तीचं दुकान होतं. फुटपाथवर स्टोव्हच्या पिना विकत सुरू केलेलं, तोवर डोक्यावर पत्रा आला होता. गंगापूर धरणात जाळं टाकणारा दौलत एकदा स्टोव्ह घेऊन आला आणि मी वॉशर बदलेपर्यंत रडगाणं गात बसला. कोणीतरी धरणात चिलापी सोडली होती. हा मासा मूळचा आफ्रिकेतला. दुसऱ्या माशांची अंडी खातो आणि स्वतः मात्र वाढतच जातो. जाळ्यात मरळ, कटला येईनासे झाले होते आणि चिलापीला व्यापारी हात लावत नव्हता.

"आमची मंडळी म्हणती, एक बाजार बघू," दौलत म्हणाला. "नाय खपली तर जाळं इकायचं अन् द्राक्षाच्या बागंत रोजानं जायचं."

"एवढंच ना? खाऊन संपवू," मी म्हणालो. "नाशिककर पंगतीला बसला तर धरणात औषधालासुद्धा चिलापी उरणार नाही."

बोलून बसलो, मग जावंच लागलं.

जाल तर हिवाळ्यात जा. तेव्हा गंगापूर रोडवर शहर लवकर संपायचं, मग दोन्ही बाजूंना बागा, आणि कानटोपी विसरलात तर कान आपले आहेत की शेजाऱ्याचे ते कळायचं नाही. आता तिथे इमारती आहेत, कान शाबूत राहतात. स्टोव्ह नेणार असाल तर टाकी रिकामी करून न्या. मी भरून नेला होता. शर्टाचं अर्धं काम रॉकेलनेच उरकलं.

दौलतची बायको हिराबाई झोपडीपुढे विळीवर मासे साफ करत होती. मला खालून वर न्याहाळून म्हणाली, "हेच का ते, धरण खाणारे?"

"आज सुरुवात करतो, वहिनी."

"करा की. पण ही लय चिवट जात हाय. पोरं तोंडात धरून फिरती. जाळं वर घेतलं की पोरं थुकती पाण्यात. तुम्ही एक खाणार, मागं मूठभर सुटणार."

बाजरीची भाकरी आणि लाल रस्सा पुढे आला. खरं सांगतो, पहिला घास धरणाच्या तळाचा लागला. मी तोंड वाकडं केलं नाही, पण हिराबाईने ओळखलं. तिने दुसरे मासे घेतले, पोटातली काळी पातळ कातडी बोटाने खरवडून काढली, चिंच-मीठ चोळलं आणि तव्यावर कडक तळले. चिखल गायब. (घरी करणार असाल तर एवढं विसरू नका.) मी किती खाल्ले ते दौलतला विचारा. माझं लक्ष दुसरीकडे होतं. हा मासा रश्शात खपणार नाही, तळून खपेल, आणि स्टोव्ह तर माझ्याकडे होताच.

दुसऱ्या दिवशी ती दोघं माशांची पाटी घेऊन एसटीने देवळालीला निघाली. कंडक्टर म्हणाला, "पाटी टपावर, बाई आत. अदलाबदल चालणार नाही." मी स्कूटरवर मागोमाग.

देवळाली कॅम्पच्या बाजारात फौजी कुटुंबं मुलूखभरची. तरी पहिला तास वाईट गेला. लोक यायचे, "कुठला मासा?" विचारायचे, नाव ऐकून पुढे सरकायचे. मी स्टोव्हला पंप मारला, तेल तापवलं, तुकडे सोडले.

शेजारची कोथिंबीरवाली करवादली, "माझ्या जुड्यांना वास लागला."

"मग भाव वाढव," हिराबाई म्हणाली.

वासामागून एका हवालदाराची बंगाली बायको आली. पाटीत वाकून म्हणाली, "ये तो तेलापिया है. हमारे गाँव के तालाब में किसी ने डाला था. अब उसमें और कुछ बचा ही नहीं."

मी झारा बाजूला ठेवला. "फिर, बहनजी?"

"फिर क्या. खाते हैं."

तिने तळलेला तुकडा चाखला, मीठ कमी म्हणाली, घासाघीस करून थोरले मासे उचलले आणि जाताना हाका मारून दोन शेजारणींना पाठवून दिलं. दुपारपर्यंत पाटी रिकामी. हिराबाईने ती पालथी घातली, वर बसली आणि दौलतकडे न बघता म्हणाली, "जाळं ऱ्हाऊ दे."

घरी आलो तेव्हा बायकोने दारातच शर्ट उतरवायला लावला. पण तुकडे राखून आणले होते, ते तिने खाल्ले. मीठ कमी असं तीही म्हणाली. पुढे बरीच वर्षं आमच्याकडे चिलापी चिंच-मीठ लावूनच होत राहिली. त्या सहलीतलं काय राहिलं म्हणाल तर एवढं, आणि कॅम्पातल्या ओळखीतून स्टोव्हची थोडी गिऱ्हाईकं.

वर्षभराने दौलत पुन्हा वॉशर बदलायला दुकानात आला. मी ऐटीत विचारलं, "काय, संपली का चिलापी?"

"नाय हो," तो म्हणाला. "बारकी आली की आम्हीच परत पाण्यात सोडतो. मोठी झाल्याबिगर कॅम्पातल्या बाया घेत नाय."