ताट की पत्रावळ?

१५ जुलै २०२५, मंगळवार. सकाळपासून झड. नळ सव्वासहाला आला, पाऊण तास होता. दूधवाला रामधन आला नाही. सरांनी जेवण सोडल्याचा आज अकरावा दिवस. सकाळी अर्धा कप चहा, बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले, गुरुवारपर्यंत पाहू, नाहीतर नाकातून नळी. दुपारी तीनला अवकाशयान समुद्रात उतरलं. चौघे सुखरूप.

शेवटची दोन वाक्यं लिहून झाल्यावर रजनीबाई त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. वयाच्या चौदाव्या वर्षापासून त्या डायरी लिहीत आल्या होत्या. नागपूरच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी बजावलं होतं, खोटं लिहावंसं वाटलं तर पान कोरं सोड. नवरा गेला त्या दिवशीचं पानसुद्धा त्यांनी कोरं सोडलं नव्हतं. आणि गेले अकरा दिवस शेजारची संगीता त्यांच्याकडे एकच खोटं मागत होती.

संगीता ही उत्तमसिंग राठोडसरांची मुलगी. सर आणि रजनीबाई पुसदच्या एकाच शाळेत होते. ते विज्ञान शिकवायचे, या इंग्रजी. उमरखेडकडच्या आपल्या तांड्यातून बी.एस्सी. झालेला सर हा पहिला माणूस. दर विज्ञानदिनाला त्यांचं एक भाषण ठरलेलं असे: माणसानं अवकाशात जावं ते पंखांच्या यानातून, की रॉकेटच्या टोकावर बसवलेल्या कुपीतून?

"कुपी म्हंजे पत्रावळ," सर म्हणायचे. "जेवले की फेकली. पंखाचं यान म्हंजे ताट. घासा, पुसा, पुन्हा वाढा. अरे, आमचे आजे-पणजे बैलावर मीठ लादून मुलूखभर हिंडले. एका खेपेत बैल सोडून देनारा बंजारा तुमी कुठं पाह्यला का?"

पोरं टाळ्या पिटायची. एका वर्षी सरांची बायको भुरीबाई मागच्या बाकावर येऊन बसली होती. भाषण संपलं तशी ती उभी राहिली. "ते सारं बरोबर हाय. पन ताट घासते कोन?"

पोरं खिदळली. भुरीबाई काही बसेना. "तुमी तं हात धुऊन उठता. घासनारीचा हात दुखला, कोपऱ्यात उष्टं राह्यलं, मंग?"

"तिथं हजारो मानसं हायेत घासाले," सर ओशाळून म्हणाले.

"हजारो असले म्हंजे तं राह्यतेच. ज्याले त्याले वाटते, दुसऱ्यानं घासलं असन."

हेही रजनीबाईंच्या डायरीत तारखेसह आहे.

मग १ फेब्रुवारी २००३ आला. शनिवार होता. पंखांचं यान सोळा दिवस फिरून परत येणार होतं. आत सात माणसं, त्यातली एक आपल्याकडे जन्मलेली. सरांनी शाळेच्या पटांगणात टीव्ही आणला आणि चाळीस मुलांची पंगत बसवली. पळसाच्या पत्रावळींवर वरण-भात वाढून झाला होता. "थांबा रे. पावनेआठले उतरते. ते उतरले की आपन जेवू," सर म्हणाले.

यान उतरलं नाही, वरच तुटून जळालं; सातही जण गेले. उडतानाच वरच्या इंधनटाकीवरून सुटलेला फोमचा तुकडा पंखावर आदळला होता, आणि सोळा दिवस ते भोक कुणाला दिसलं नव्हतं, हे पुढे कळलं. त्या संध्याकाळी वाढलेल्या पत्रावळी तशाच गुंडाळल्या गेल्या.

त्याच महिन्यातल्या विज्ञानदिनाला सरांनी मुलांसमोर स्वतःचे कान धरले. "मी तुमाले चुकीचं शिकवलं. कुपी रॉकेटच्या डोक्यावर बसते, तिच्यावर वरून पडाले काही नसते. आगीपासून वाचवनारं कवच तिच्या बुडाशी, झाकलेलं. आन् रॉकेट बिघडलं तं कुपी सुटून पळू शकते. एस.टी.त लिहिलं असते ना, संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग? पंखवाल्याले तो नव्हता."

गेल्या दोन वर्षांत सरांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून गेली. आधी माणसांची नावं गेली, मग भुरीबाईचं मरण गेलं, मग ती माफीही गेली. पंगतीची ती संध्याकाळ तेवढी राहिली. सकाळ असो की दुपार, ते खाटेवरून विचारायचे, "उतरलं का? नाही? मंग आधी कायले वाढून राह्यली? पोरं थांबले हायेत ना."

"मावशी," संगीता म्हणायची, "बापू फक्त तुमच्या डायरीले मानतात. शाळेतबी तसंच होतं, बाईंच्या डायरीत असन तं खरं. लिहून टाका ना, सात उतरले. कोन पाह्यले येते?"

"मी पाहीन ना, संगीता."

"मंग सोवळ्यात ठेवा तुमची वही," परवा ती फाडकन बोलली, "आन् माझ्या बापाले नळी लागू द्या." दुसऱ्या दिवशी तीच खाली मान घालून दुधाचं पातेलं ठेवून गेली.

आज टीव्हीवर छत्र्यांना लटकलेली कुपी समुद्रात पडताना रजनीबाईंनी पाहिली. आत चौघे, एक आपला. ही कुपी दुरुस्त करून पुन्हा वापरणार, असं सांगणारा म्हणाला. म्हणजे आता पत्रावळही घासायला लागले. भुरीबाई असती तर तिनं विचारलंच असतं, कोन घासते? रजनीबाईंनी डायरी पदराखाली घेतली आणि पावसातून शेजारी गेल्या.

सरांचे गाल आत गेले होते. "उतरलं, सर," रजनीबाई म्हणाल्या.

"डायरीत हाय?"

त्यांनी पान पुढे धरलं. संगीतानं चष्मा लावून दिला. सरांचं बोट ओळीखालून सरकत गेलं आणि शेवटी थांबलं.

"चौघे? सात होते, बाई."

संगीता ताट घेऊन उभी होती. ती रजनीबाईंकडे बघत होती. "तिघे मागच्या गाडीनं येताहेत," त्या म्हणाल्या.

सरांनी पुन्हा पान पाहिलं. "इथं लिहिलं नाही."

"नाही."

त्यांनी मान वर करून रजनीबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. कळलं, रजनीबाईंना वाटलं. या घडीला यांना सगळं कळलं. मग सरांनी चष्मा काढला.

"चौघांचे चार घास दे, संगी. तिघांचे राहू दे."

संगीतानं भरवले. एक, दोन, तीन, चार. पाचवा तिनं ओठांना टेकवला, "बापू, एकच," म्हणाली, पुन्हा म्हणाली. सरांनी ओठ मिटले ते मिटलेच.

"थांबलो हाय ना मी," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

चार घासांनी गुरुवार टळत नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. संगीता उंबऱ्यात बसली, पदर तोंडात कोंबून. रजनीबाईंनी उरलेल्या भाताच्या ताटावर दुसरं ताट झाकलं.

संध्याकाळी त्यांनी दुपारच्या ओळीखाली लिहिलं: सर चार घास वरण-भात जेवले. ताट घासायला टाकलेलं नाही, झाकून ठेवलं आहे.