बजेटवर शर्मिलाचं मत

दरवर्षी इस्टरच्या आधी मी फादरांपुढे गुडघे टेकते आणि पापं सांगते. राग आला, मिस्सा चुकवली, कुणाची उणीदुणी काढली. ही गोष्ट त्यात कधी आली नाही. नवऱ्यालाही ठाऊक नाही. तुम्हाला का सांगते आहे – ते मलाही नीट सांगता येणार नाही.

माझी धाकटी बहीण शर्मिला वसईहून इंग्लंडला गेली, म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये कामाला. व्हिसा त्या केअर होमच्या जिवावर. नोकरी गेली की मुक्काम संपला. मॅनेजर वसईचाच, आमच्या शेजारच्या गावचा. तिच्या खोलीत प्रिस्का राहायची, आमच्याच गावची. शर्मिलाला न्यूमोनिया झाला तेव्हा प्रिस्काने तिची ड्युटी केली आणि तिला पेजही भरवली. मी इथे कॅनडात, मिसिसागात बसून फोनवर सूचना देत होते.

त्या वर्षी ब्रिटनमध्ये निवडणूक यायची होती. त्याआधी बजेट आलं. पगारातून जे कापतात ते थोडं कमी केलं होतं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. इथेही पाहिलंय – मतं मागायची वेळ जवळ आली की सरकारला आपण अचानक दिसायला लागतो. मी शर्मिलाला विचारलं, तिकडे लोक काय म्हणतात? तिने व्हॉइस मेसेज पाठवला. तो मला अजून पाठ आहे.

"ताई, साहेबांनी सगळ्यांना स्टाफ रूममध्ये बोलावून बजेटची बातमी दाखवली. म्हणे, बघा, तुमचा फायदा झाला. आम्ही माना डोलावल्या. आता पगारवाढ मागितली की हा काय म्हणेल? सरकारने दिली ना, मग माझ्याकडे कशाला आलात?" हे मॅनेजरच्याच नाकातल्या आवाजात. "इथे होममध्ये एक गोरी आजी आहे, नव्वदीची. ती म्हणाली, इलेक्शन होईपर्यंत खर्च करू नकोस, नंतर परत मागायला येतील." आणि शेवटी – "कुणाला ऐकवू नको हं. तुला आणि प्रिस्कालाच बोललेय."

आमच्या चर्चमध्ये महिन्यातून एकदा मराठी मिस्सा असते. नंतर बेसमेंटच्या हॉलमध्ये चहा आणि एखाद्या विषयावर चर्चा. चर्चा मी चालवते, कारण लोकांना गप्प बसवायला मला संकोच वाटत नाही. त्या रविवारी विषय ब्रिटनच्या बजेटचा होता. हॉलमधल्या अर्ध्या लोकांचं कुणी ना कुणी तिकडे आहे. कुणाची भाची खूश होती, कुणाच्या मुलाला काही फरकच जाणवला नव्हता. एकजण म्हणाला, तिकडे इंडियन पासपोर्टवरही मत देता येतं, म्हणून आपल्या पोरांनाही लाडीगोडी चाललीय. मी म्हटलं, सगळा मतांचा खेळ आहे, काही महिन्यांत बघा.

तेव्हा आल्बर्टकाका उठले. "माझा भाचा तिकडे मॅनेजर आहे. त्याचा सगळा स्टाफ खूश आहे. तुला सगळ्यातच संशय येतो, पोरी. तिथल्या कुणाला विचारलंस तरी का? की इथे चहा पिऊनच कळलं?"

हॉल हसला. माझ्यावर.

मी फोन काढला, माइकपाशी धरला आणि शर्मिलाचा मेसेज लावला. नाव सांगितलं नाही. हॉल पुन्हा हसला – आजीवर, नकलेवर. कुणीतरी टाळी दिली. आल्बर्टकाका हसले नाहीत. कप ठेवून जाकीट घालायला लागले.

नाव सांगितलं नाही म्हणजे कुणाला कळणार नाही, असं मला वाटलं होतं का? आमच्याकडे चार वाक्यांत माणसाचं गाव कळतं. आणि त्या गावच्या मुली त्या केअर होममध्ये दोनच होत्या.

त्याच आठवड्यात शर्मिलाचा फोन आला. मॅनेजरने तिला केबिनमध्ये बोलावून तिचीच वाक्यं ऐकवली होती. कुठून कळलं ते सांगितलं नाही. नंतर शिफ्ट कमी झाल्या, आणि व्हिसाची मुदत संपत आली तेव्हा तो वाढवून द्यायला त्याने नकार दिला. पण ते नंतर. त्या दिवशी तिने एवढंच विचारलं, "ताई, तू कुणाला ऐकवलंस?"

मी म्हटलं, "मी? मी तर ऐकून डिलीट केला."

इथे थांबले असते तर एक खोटं झालं असतं. मी थांबले नाही. मी म्हटलं, "प्रिस्काला विचारलंस का?"

एवढंच. आरोप नाही, नुसता प्रश्न. संशय घ्यायला मी आयुष्यभर शिकले आहे, तो दुसऱ्याच्या मनात कसा ठेवावा हेही मला येतं. प्रिस्काने शपथा घेतल्या. शर्मिलाने ऐकलं नाही. ती प्रिस्काला काय म्हणाली ते तिनेच मला सांगितलं – "माझी ताई खोटं बोलणार नाही." प्रिस्का दुसरीकडे राहायला गेली.

आता राहिलेलं. आल्बर्टकाकांचा भाचा कोण, हे मला तेव्हा माहीत नव्हतं – असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आले. मला माहीत होतं. शर्मिलाला ती नोकरी मिळाली ती मीच काकांना सांगितलं म्हणून. माइकपाशी मेसेज लावताना माझी नजर त्यांच्यावरच होती. त्यांनी ऐकावं म्हणूनच मी तो लावला.

शर्मिला वसईला परतली. गेल्या वर्षी तिला मुलगी झाली. बाप्तिस्म्याला बाळाची धर्ममाता प्रिस्का होणार, हे त्या दोघींनी लग्नाआधीच ठरवलेलं होतं. शर्मिलाने तिच्याऐवजी मला बोलावलं. मी तिकीट काढून गेले. बाळ माझ्या हातात होतं आणि फादरांनी बाप्तिस्म्यात विचारतात तसं विचारलं, सैतानाला आणि त्याच्या पोकळ आश्वासनांना नाकारतेस का?

मी होय म्हटलं. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं असेल. माझा आवाज चांगला जातो.