स्कार्टकाकांच्या नऊ कॅसेटी

स्कार्टकाका कुणाच्याही घरी गेले की सोफ्यावर बसायच्या आधी टीव्हीच्या मागे डोकावत. यजमान पाण्याचा पेला घेऊन उभे आणि काका भिंत आणि टीव्हीमधल्या फटीत वाकलेले, हे दृश्य लुडविग्सहाफेनमधल्या आम्हा पंधरा-वीस मराठी घरांच्या इतकं सवयीचं होतं, की त्यात कुणाला काही वाटत नसे. तिकडून प्रश्न यायचा, "ही वायर कुणी लावली?" ती काढून, दुसरी लावून, गुडघ्यावरची धूळ झटकत ते बाहेर येत आणि मग चहा घेत.

स्कार्ट म्हणजे इकडे टीव्ही आणि व्हीसीआर जोडायला वापरतात ती रुंद तोंडाची, एकवीस पिनांची केबल. काकांच्या कापडी पिशवीत तिच्या चार तऱ्हा असत. ते मिरजेचे. सत्तरच्या दशकात मेकॅनिकल इंजिनिअर म्हणून इकडे आले आणि इथेच निवृत्त झाले. दोन हजार चारच्या आसपास डीव्हीडी रेकॉर्डर घरोघरी यायला लागले, तेव्हा त्यांना नवी नोकरी लागल्यासारखं झालं. आमच्या सगळ्यांच्या लग्नामुंजीच्या कॅसेटी केलरमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या तळघरात, खोक्यांतून पडलेल्या होत्या. काहींना बुरशी धरली होती. काका त्या घरी नेत, पुसत, आणि एकेक करून डिस्कवर उतरवत. "आधी दिशा ठरवायची," ते म्हणत. "कुठून निघायचं, कुठे पोचायचं. लोक इथेच चुकतात."

तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात. काका मशीन लावून उठून जात नसत. ते समोर बसून सगळं बघत. बाजूला निर्मलाकाकू फरसबी मोडत नाहीतर विणत बसलेल्या. काकांना साठीपासून ऐकू कमी येई. श्रवणयंत्र होतं, पण त्यात भांड्यांचा आवाज तेवढा मोठा होतो म्हणून ते खणातच राही. त्यामुळे दर दहा मिनिटांनी ते विचारत, "अगं, आवाज?" आणि काकू मान वर न करता म्हणत, "येतोय." काका आम्हाला सांगत, "चित्र मी बघतो, आवाज ही बघते." आमच्या लग्नाची डिस्क द्यायला दोघं आले तेव्हा काकूंनी मला हळूच विचारलं होतं, "तुझी ती हिरव्या शालूतली आत्या कुणावर रुसली होती गं? जेवायला या म्हणून तिला तीनदा बोलावलंय."

त्यांच्या स्वतःच्या नऊ कॅसेटी मात्र मागे राहिल्या होत्या. काकू आठवण करायच्या, "अहो, आपल्या कधी करणार?" काकांचं उत्तर ठरलेलं, "आधी लोकांच्या होऊ देत. लोक थांबलेत." त्या कॅसेटींत त्यांच्या राजनचं सगळं लहानपण होतं. ते सगळं काकूंनीच चित्रित केलेलं. काका कामावर असत आणि त्यांना कॅमेरा धरायचा कंटाळा. त्यामुळे काकू चित्रात कुठेच नव्हत्या. त्या कॅमेऱ्यामागून बोलत. राजनला मराठी शब्द विचारत, तो चुकला की हसत, खिडकीतून दिसणाऱ्या बर्फाबद्दल मिरजेच्या सासूबाईंना सांगितल्यासारखं सांगत. हे मला त्यांनीच एकदा सांगितलं होतं. "मी दिसत नाही बघ कुठे. नुसती बडबडते."

त्या हिवाळ्यात काकू गेल्या. छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात नेलं, तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. राजन हाम्बुर्गहून आला, आठवडाभर राहिला आणि परत गेला. एवढं मोठं घर काकांना एकट्याला नको होतं. त्यांनी दोन खोल्यांचा फ्लॅट बघितला. नव्या जागेला केलर नव्हतं. तेव्हा त्यांनी त्या नऊ कॅसेटी वर आणल्या आणि मशीन लावलं.

एका दुपारी त्यांचा फोन आला. फोनवर त्यांना फार ऐकू येत नसे, म्हणून ते स्वतःचं एकदम बोलून घेत. "पाच झाल्या. चार राहिल्यात. तुला वेळ असला तर येऊन तासभर बस. आवाज बघायला कुणी नाही." माझ्या मुलीला कांजिण्या आल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी माझी जर्मनची परीक्षा होती. मी मोठ्यानं ओरडून म्हटलं, "काका, चित्र नीट येतंय ना? मग आवाज असणारच. एकाच वायरीतून तर जातात." ते म्हणाले, "हो, तेही खरंच." आणि फोन ठेवला.

घर बदलायच्या शनिवारी मी आणि माझा नवरा सुधीर मदतीला गेलो. नऊ डिस्का एका पुठ्ठ्याच्या डब्यात, प्रत्येकीवर काकांच्या अक्षरात साल. कॅसेटींचं खोकं दाराशी ठेवलेलं. "आता दोन-दोन कशाला?" काका म्हणाले. बाकीच्या टाकायच्या सामानाबरोबर ते खोकं आम्हीच गाडीत घातलं आणि गावाबाहेरच्या कचरा-केंद्रात नेऊन दिलं. सुधीरनं ते मोठ्या लोखंडी पेटीत उलटं केलं. मला तो आवाज आठवतो.

काकूंच्या वर्षश्राद्धाला नव्या फ्लॅटमध्ये आम्ही दहा-बारा जण जमलो. जेवणं झाल्यावर काकांनी पहिली डिस्क लावली. पडद्यावर चार-पाच वर्षांचा राजन तीनचाकी सायकलवर. तो कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी सांगत होता, थांबून ऐकत होता, पुन्हा सांगत होता. खोलीत कुणी बोलत नव्हतं. काकांना वाटलं असणार, सगळे गहिवरून गप्प आहेत. ते आमच्याकडे बघून समाधानानं मान हलवत होते. राजननं रिमोट उचलला, दाबला, पुन्हा दाबला. मग तो हळूच म्हणाला, "पापा, दा इस्ट काइन टोन."

"काय म्हणतो?" काकांनी मला विचारलं.

मी त्यांच्यासमोर जाऊन बसले, म्हणजे त्यांना माझे ओठ दिसतील. "काका, आवाज येत नाहीये."

"टीव्हीचा वाढव."

"टीव्हीचा पूर्ण आहे. डिस्कवर नाहीये."

त्यांनी नऊच्या नऊ लावून बघितल्या. प्रत्येक वेळी ते माझ्या तोंडाकडे बघत आणि मी मान हलवत असे. मग त्यांनी पिशवीतून त्या कॅसेटी उतरवताना लावलेली केबल काढली, जेवणाच्या टेबलावर ताटं सरकवून जागा केली आणि स्क्रूड्रायव्हरनं प्लग उघडला. आवाजाच्या दोन्ही तारा सोल्डरपासून सुटून आल्या होत्या. चित्राची तार शाबूत होती. "आल्झो," म्हणजे 'असं आहे तर', काका म्हणाले. बराच वेळ ते त्या तारा बोटानं जागच्या जागी ठेवत राहिले. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "कॅसेटी त्याच दिवशी टाकल्या ना?" सुधीरनं हो म्हटलं.

तरी सोमवारी ते आमच्याबरोबर कचरा-केंद्रात आले. तिथल्या माणसाला त्यांनी स्वच्छ जर्मनमध्ये सगळं समजावलं. पेटी दर आठवड्याला रिकामी होते, तो म्हणाला. काकांनी त्याचे आभार मानले. परतीच्या वाटेवर गाडी थांबवायला लावून मी त्यांना म्हटलं, "काका, मी यायला हवं होतं त्या दिवशी." ते म्हणाले, "शंका मला आली होती. तुझ्या बोलण्यावर मी ती सोडून दिली, कारण मला सोडायची होती. मी दमलो होतो." त्यांनी मला एकदा जरी बोल लावला असता तरी मला बरं वाटलं असतं.

मग त्यांनी सगळ्यांना आपापल्या डिस्का तपासायला सांगितल्या. कुठेतरी काकू बोलल्या असतील. पण गणपती असो की दिवाळी, काकू स्वयंपाकघरात. कॅमेरा बाहेर. महिनाभरानं आमच्याच एका डिस्कवर, दिवाळीच्या फराळाच्या गडबडीत, मला दहाएक सेकंद सापडले. चित्रात आमची मुलं फुलबाज्या मागत आहेत आणि आतून काकू म्हणतात, "अगं, करंज्या गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका."

काका आले. येताना यंत्र कानात घालून आले होते. त्यांनी खुर्ची ओढून कान टीव्हीच्या स्पीकरला लावला. मी ते सात वेळा मागे नेऊन लावलं. "शब्द नाही कळत," ते म्हणाले. "नुसता गलका. काय म्हणते?"

मी वाक्य सांगितलं. त्यांनी ते पुटपुटून बघितलं.

"कशी म्हणते? चिडून, की हसत?"

सात वेळा ऐकूनही माझं तिकडे लक्षच नव्हतं. मी त्यांच्याकडेच बघत होते. "हसत," मी म्हटलं.

त्यांनी यंत्र काढून खिशात ठेवलं. त्यानंतर त्यांनी कुणाचीही कॅसेट हातात घेतली नाही. त्या उन्हाळ्यात राजन त्यांना हाम्बुर्गला घेऊन गेला. तिथून त्यांची दोन पत्रं आली, दोन्हींत हवेची चौकशी. पुढच्या वर्षी राजनचाच फोन आला, जर्मनमध्ये, की पापा सकाळी उठले नाहीत.

फोन ठेवल्यावर मी ती डिस्क काढली आणि हेडफोन लावून ते वाक्य नीट ऐकलं. काकू हसत नव्हत्या. चिडलेल्याही नव्हत्या. सकाळपासून उभ्या असलेल्या, दमलेल्या बाईचा आवाज होता तो.