मंगळवारी एकच भाग

आधी उजेड येऊ द्या. डावीकडच्या एकुलत्या खिडकीतून येणारा, बर्फावरून उसळलेला, फेब्रुवारीचा पांढराशुभ्र उजेड. तो पडतो एका जुन्या टेबलावर. टेबलावर दोन माइक, कॉफीचं भांडं, दालचिनीच्या रोलची ताटली आणि गाईच्या गळ्यातली पितळी घंटा. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या ठोकलेल्या. दाराच्या फटीतून एक पातळ नळी आत येते, जमिनीवरून सरपटत टेबलापर्यंत जाते आणि एका म्हाताऱ्याच्या नाकाशी संपते. दाराबाहेर त्या नळीचं ऑक्सिजनचं मशीन घरघरतंय. समोर एक म्हातारी कानाला हेडफोन लावून बसली आहे.

स्थळ, अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या हार्लन फोर्क गावातल्या पशुखाद्याच्या दुकानामागची खोली. आता ऐका.

“या मंडळी, बसा. ‘बिटर वेल्स’ पुन्हा एकदा बघायला जमलोय आपण. मी मॅव्हिस, सगळं पाहिलेली.”

“आणि मी ऑरिन, काहीच न पाहिलेला,” म्हातारा म्हणाला आणि त्याने घंटा एकदा वाजवली.

प्रत्येक मंगळवारी मालिकेचा एक भाग बघून त्यावर बोलायचा त्यांचा पॉडकास्ट असाच सुरू व्हायचा, आणि ऑरिन स्कोग्लंडचं ते ‘काहीच न पाहिलेला’ म्हणजे गावातलं एक आश्चर्य होतं. कारण ‘बिटर वेल्स’ ही काउबॉयच्या काळातली मालिका याच गावाच्या टेकड्यांवर चित्रित झाली होती. तिला बक्षिसं मिळाली, देशभर तिचं कौतुक झालं आणि मग चॅनलवाल्यांनी गोष्ट अर्धी असतानाच ती बंद केली. तरी गावातला प्रत्येक जण आयुष्यभराचा नट होऊन बसला. न्हावी त्यात फासावर गेला होता. पोस्टमास्तरीण जुगाराच्या अड्ड्यात नाचली होती. ऑरिनची बहीण मॅव्हिस धोबीण झाली होती, तिला एक अख्खं वाक्य होतं आणि ते ती अजूनही लग्नकार्यात म्हणून दाखवायची.

ऑरिनने मात्र पॉडकास्टआधी मालिकेचा एक क्षणही पाहिला नव्हता. त्याला घोडे सांभाळायला ठेवलं होतं, आणि पहिल्याच दिवशी दिग्दर्शकाने सांगितलं, पळत्या घोडीच्या पायात तार अडकवून तिला पाडायचं. ऑरिनने घोडीचा लगाम हातात घेतला आणि म्हणाला, “तुला पडायची हौस असेल तर तूच पड, मी तार धरतो.” मग तो घोडीला घेऊन घरी चालत गेला. घोडी चालत होती म्हणून तोही चाललाच, खोगिरावर बसला नाही. त्यानंतर वीस वर्षं बारमध्ये कोणी मालिकेचा विषय काढला की तो अर्धा ग्लास तसाच ठेवून उठायचा. नाल ठोकायचा, हिवाळ्यात शाळेची बस चालवायचा, संध्याकाळी बायकोबरोबर पत्ते खेळायचा. लॉर्ना त्याची बायको. शाळेत स्वयंपाक करायची, चिली म्हणजे खिमा-राजम्याची तिखट उसळ आणि दालचिनीचे रोल एकाच ताटात वाढायची आणि हसताना तोंडावर हात घ्यायची. ती गेल्यावर ऑरिन दोन हिवाळे कोणाशी बोलला नाही. मग वाळक्या गवताच्या धुळीने त्याची फुप्फुसं गेली, आणि एका मंगळवारी तो नळी खांद्यावर टाकून दुकानाच्या मागच्या खोलीत आला.

“मॅव्ही, तुझ्या पॉडकास्टला ती मालिका न पाहिलेला कोणीतरी हवाय ना? मी आहे. पण अट एकच. पुढचं सांगायचं नाही. कुणीच नाही.”

मॅव्हिसकडून एकदा चूक झाली. मालिकेतल्या डॉक्टरबद्दल ती भाबडेपणाने बोलून गेली, “बिचारा डॉक्टर, त्याला काय ठाऊक!” ऑरिन उठला, नळीचं वेटोळं केलं आणि आठवडाभर फिरकला नाही. परत आला तो घंटा घेऊन. कोणाच्या ओठांवर पुढची गोष्ट आली की तो ती वाजवायचा. ऐकणाऱ्यांना ती घंटा इतकी आवडली की लोक आपापल्या घरी कोणी शेवट फोडायला लागलं तर भांडं बडवू लागले. मशीनची घरघरही त्यांना पाठ झाली होती. मॅव्हिस आधी रेकॉर्डिंगमधून ती कापून टाकायची. ऑरिन म्हणाला, “राहू दे की. मी श्वास घेतोय हे लोकांना कळू दे.”

पण या फेब्रुवारीत मॅव्हिसला झोप नव्हती. डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, बर्फ वितळेपर्यंत तो राहील की नाही सांगता येत नाही. आणि अजून अख्खा शेवटचा सीझन उरला होता. मंगळवारी एकच भाग या हिशोबाने शेवटचा भाग यायला मे उजाडला असता.

शेवटच्या भागात काय आहे, हे मॅव्हिसला ठाऊक होतं. अगदी शेवटच्या दृश्यात रस्ता रिकामा होतो आणि एक बाई पाण्याची बादली घेऊन तो ओलांडते. ती लॉर्ना होती. तिने हे काम कोणाला न सांगता केलं होतं. गावाने शेवटचा भाग सभागृहात एकत्र बसून पाहिला तेव्हा ऑरिन कुंपण दुरुस्त करायला निघून गेला होता, आणि लॉर्ना घरी येऊन त्याबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. मॅव्हिसला वाटायचं, भावाने मरायच्या आधी ते बघावं. पण सांगणार कसं? सांगितलं की घंटा.

त्यातच ट्रेंट आला. लॉस एंजेलिसहून, पॉडकास्ट करणाऱ्या एका मोठ्या कंपनीचा माणूस. सभ्य, तरुण, पायात नवे कोरे काउबॉय बूट.

“बूट छान आहेत,” ऑरिन म्हणाला. “घोड्यांपासून जरा लांब रहा, हसून हसून मरतील.”

ट्रेंट मनापासून हसला. त्याने कॉफी घेतली, रोल खाल्ला, मग खुर्ची पुढे ओढली. “सर, लाखो लोक तुम्हाला ऐकतात. आम्हाला वाटतं, मधले भाग सोडून सरळ शेवटचा भाग बघावा. मालिकेतले नट इथे येतील, कॅमेरे लावू. सगळा देश तुमच्याबरोबर बघेल. म्हणजे... वेळ कमी आहे, सर.”

“वेळ कमी आहे, हे तू मला सांगतोस?” ऑरिनने नाकातली नळी नीट केली. “मी नाव नोंदवलेलं नाही रे तुझ्या घाईत. मधल्या भागांत लोक राहतात. डॉक्टर आहे, ती दात पडलेली जुगारीण आहे, त्यांना सोडून मी पुढे जाऊ? शेजाऱ्याच्या घरावरून गेलो आणि हाक मारली नाही, असं मी कधी केलं नाही.”

“पण, सर, समजा...”

“समजा मेलो, तर न पाहिलेलाच मरेन. वीस वर्षं काढलीत तशी. सवय आहे.”

ट्रेंटने मॅव्हिसकडे पाहिलं. मॅव्हिसचे डोळे भरले होते.

“ऑरिन, ऐक ना माझं. एकदाच. या एकाच वेळी,” ती म्हणाली. “शेवटच्या भागात...”

घंटा वाजली.

“अरे गाढवा, ऐकून तरी घे! शेवटच्या भागात...”

घंटा पुन्हा वाजली, या वेळी जोरात. बाहेर दुकानात दाण्याचं पोतं उचलणारं गिऱ्हाईकही थबकलं.

“मॅव्ही,” ऑरिन म्हणाला. धाप लागल्यामुळे तो थांबत थांबत बोलत होता. “ठाऊक आहे मला. लॉर्ना आहे तिथं.”

मॅव्हिसने कानावरचा हेडफोन काढला.

“तिनं त्या कामासाठीची टोपी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरच शिवली. मी काय आंधळा होतो? सभागृहात त्या रात्री मी नव्हतो, आणि तिनं मला ते कधी ऐकवलं नाही. एकदा तरी ऐकवायला हवं होतं.” त्याने कॉफीचा घोट घेतला. “घोडीच्या बाबतीत माझंच बरोबर होतं. आजही बरोबर आहे. पण त्या सभागृहात मी जायला हवं होतं. आता चाललोय मी तिच्याकडे. सगळ्या रस्त्याने जाणार. मागच्या दाराने घुसून, मधली सगळी माणसं टाळून, ‘मरायला टेकलो म्हणून घाईत आलो’ असं तिच्यासमोर उभं राहायचं नाही मला. ती बादलीच मारेल डोक्यात.”

ट्रेंटने टोपी उचलली. दाराशी तो म्हणाला, “सर, मी मंगळवारी ऐकेन.” आणि बर्फावर त्याचे नवे बूट कुरकुरत गेले.

मग मंगळवारांमागून मंगळवार गेले. डॉक्टरीणबाई चिडून म्हणाल्या, हा माणूस मला खोटी ठरवतोय, आणि ते त्यांना मनातून आवडत होतं. मार्चमध्ये ऑरिन दोनदा दवाखान्यात गेला आणि दोन्ही वेळा सोमवारी घरी आला. न्हाव्याच्या फाशीच्या भागाला तर न्हावी स्वतः गळ्यात मफलर गुंडाळून आला. ऑरिन म्हणाला, “तू इतका बरा मरशील असं वाटलं नव्हतं. प्रत्यक्षातही असंच कर, लवकर आटप.” मालिकेतला डॉक्टर मेला तेव्हा मात्र त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि भाग संपेपर्यंत परत घातली नाही.

बर्फ वितळलं. रस्त्यावर चिखल झाला, कुंपणावर पाखरं ओरडू लागली. मे महिन्यातल्या एका मंगळवारी शेवटचा भाग आला. ऑरिनने दाढी केली होती आणि लग्नातला पट्टा कमरेला लावला होता. पट्टा दोन फेऱ्या बसेल इतका तो वाळला होता.

भाग संपत आला. रस्ता रिकामा झाला. टोपी घातलेली बाई बादली घेऊन डावीकडून आली. मधोमध तिचं पाणी सांडलं, आणि तिला हसू आलं असावं, कारण तिने मोकळा हात तोंडावर घेतला. मग ती एका दारात शिरली. पडदा काळा झाला. गोष्ट तिथेच तुटली, चॅनलवाल्यांनी तोडली होती तशी.

मॅव्हिस वाट पाहत राहिली. माइक चालूच होता. तिला वाटलं, आता हा रडेल, किंवा शेवट असा अर्धा का म्हणून चिडेल, किंवा काहीच बोलणार नाही. ऑरिनने दोन्ही हात टेबलावर ठेवले. श्वास जमवला. घंटा उचलली आणि एकदा वाजवली.

“या मंडळी, बसा,” तो म्हणाला. “मी ऑरिन, सगळं पाहिलेला. मॅव्ही, पहिला भाग लाव.”